तीन सीलं आणि एक रबरी टोपी

तिसऱ्यांदा जीप आमच्या दारात येऊन थांबली तेव्हा डॉक्टर चंद्रिका खाली उतरल्यासुद्धा नाहीत. इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "अक्का, पुठ्ठा आणा."

पुठ्ठा म्हणजे आमच्या धंद्यातली रक्ततपासणी. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा गाडीखाली सरकवायचा आणि गप्प उभं राहायचं. थेंब पुढे पडला तर इंजिन, मध्ये पडला तर गिअरबॉक्स, अगदी मागे पडला तर मागचा अ‍ॅक्सल. सुरेखानं पुठ्ठा सरकवला. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मधोमध एक थेंब पडला. मग वीतभर अंतरावर दुसरा.

"मागच्या वेळी एकाच जागेवरून गळत होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता दोन जागा. प्रगती आहे."

मी नागरत्ना. वय एकोणसत्तर. नातवंडं दोन, गुडघे दोन, त्यांतला एक माझा नाही, हॉस्पिटलात बसवलेला आहे. आमचं घराणं काही शतकांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळूरला आलं आणि परत जायचं विसरलं. त्यामुळे घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि गाडीखाली पडल्यावर पाना हातातून निसटला की जी भाषा आधी तोंडात येईल ती. कोरमंगलाच्या मागच्या गल्लीत माझं गिअरबॉक्सचं वर्कशॉप आहे. चालू केलं तेव्हा आजूबाजूला नुसती रिकामी मैदानं होती. आता एका बाजूला मुलींचं पीजी आणि दुसऱ्या बाजूला कॉफीचं दुकान. तिथल्या कॉफीत आमच्या ग्रीसचा वास येतो अशी त्यांची तक्रार असते. आमच्या ग्रीसला त्यांच्या कॉफीचा वास येतो, पण आम्ही कधी तक्रार केलेली नाही.

खरं तर मी दहा वर्षांपूर्वीच बाजूला झाले. वर्कशॉप चालवतो बशीर. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण हात माझ्यापेक्षा शंभर वर्षांनी शहाणा. या पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, धूळ नाही, असं सांगून त्याला कोलारला लेकीकडे पाठवलं. "बशीर, तू निवांत राहा. मी आहे ना," असं मी म्हणाले. म्हणताना पदर खोचायचा राहिला, तेवढंच.

आता या जीपमध्ये कुणाचं काय अडकलं होतं ते सांगते.

डॉक्टर चंद्रिका या गुराढोरांच्या डॉक्टर. एका ट्रस्टसाठी काम करतात. आठवड्यातून तीन दिवस कनकपुराच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या वस्त्यांवर जातात. रस्ता म्हणजे दगड, चिखल आणि दोन ओढे. चारही चाकांना ताकद देणारी जुनी जीप असल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. मागच्या आठवड्यात तेल संपत आलं आणि दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडेच गिअर रडायला लागले. बाईंनी झाडाखाली थांबून, जवळच्या डब्यातलं तेल ओतून कशीबशी गाडी परत आणली. पलीकडच्या वस्तीवर एक गाय दोन दिवस अडली होती. ती त्या रात्रीच गेली. हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"गुरुवारी प्रभाकर येणार आहेत," त्या म्हणाल्या. प्रभाकर म्हणजे ट्रस्टचे ऑपरेशन्स मॅनेजर. "स्वतः गाडीत बसणार. साठ किलोमीटर फिरवणार आणि मग तासभर पांढऱ्या कागदावर उभी करणार. एक थेंब जरी पडला तरी जीप विकायची आणि माझी फेरी बंद."

"मग तुम्ही काय करणार?"

"व्हाइटफील्डच्या ऑफिसात बसून व्हिडिओ कॉल. गायीला सांगायचं, बाई गं, स्वल्प कॅमेऱ्याकडे बघ आणि जीभ काढ."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तो सोमवार होता.

वाचकांसाठी थोडं सामान्यज्ञान. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून चाकांकडे जाते. अशा जीपमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक डबा असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटायची, एवढंच त्याचं काम. पंगतीतल्या वाढप्यासारखा. या मॉडेलमध्ये दोन्ही डबे आतून जोडलेले असतात, एकाचं तेल दुसऱ्यात जातं-येतं. डब्यातून फिरता दांडा जिथे बाहेर येतो तिथे रबराची एक कडी बसवतात. ती सील. दांड्याला फिरू द्यायचं, पण तेलाला बाहेर सोडायचं नाही. वाड्यावरच्या दरवानासारखी नोकरी, आणि पगारही तितकाच.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा सुरेखानं मागचं सील बदललं. सुरेखा निपाणीची. वय अडतीस. आधी एका बस डेपोत होती, गेल्या वर्षी बशीरनं तिला आणलं. दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी तिला बाजूला केलं आणि तेच सील स्वतः बदललं. गुडघ्याखाली उशी घेऊन. आता हे तिसऱ्यांदा.

"सील नकली असणार," मी म्हणाले.

"अक्का, सील तुम्हीच आणलंय की जे.सी. रोडवरनं."

"मग बसवताना कड दुमडली असेल."

"बसवलंय बी तुम्हीच."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पुठ्ठ्याकडे पाहत होती. फार हुशार बाई.

"आनि एक सांगू का? तेलाची पातळी बघायला बाजूचा बोल्ट सैल केला, तर आतनं फुस्स केलं."

"प्रेशर कुकर आहे का तो? म्हणे फुस्स केलं. जा, नवी सीलं काढ."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आहे. ते मी इथे लिहून ठेवते, कारण नातीला वाटतं आजी कधी चुकत नाही. ती सर्जापूर रोडवर अकराव्या मजल्यावर राहते, तिथून माणसाच्या चुका बारीक दिसतात.

मंगळवारी आम्ही मोठा घाट घातला. मागचं सील बदललं, पुढचं बदललं. दांडा झिजलेला असू शकतो म्हणून त्यावर स्टीलची बारीक बांगडी चढवली. जोडावर पेस्ट लावली. बशीरला एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण ऑपरेशन झालेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं मी सुरेखाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बशीरला हातात पाना कसा धरायचा ते मी शिकवलं होतं. त्याला मी विचारायचं?

संध्याकाळी टेस्ट ड्राइव्ह घेतली. कोरमंगलात तीन किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटं. परत येऊन पुठ्ठा घातला. कोरडा. मी शेजारच्या दुकानातून दोन कॉफ्या मागवल्या, त्याही आमच्याच वासाच्या.

"आयतु," मी म्हणाले. म्हणजे झालं काम.

"अक्का, एवढ्यात न्हाई म्हनायचं," सुरेखा म्हणाली. "ही गाडी सिग्नलवर उभी राहात न्हाई, डोंगरात पळती. लांब नेऊन, चांगली तापवून बघायला पायजे."

"डेपोत असंच शिकवतात का?"

"व्हय. गाडी तापल्याबिगर खरं बोलत न्हाई. मानसाचं बी तसंच हाय."

बुधवारी पहाटे ट्रॅफिक जागं व्हायच्या आत आम्ही दोघी कनकपुरा रोडला लागलो. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. परत आलो आणि पुठ्ठा घातला. थेंब मागून पडला. थेंब पुढून पडला. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी हात लावला तर तिथेही ओलं. दोन नवी सीलं, एक बांगडी, एक ट्यूब पेस्ट, आणि हिशेब काय? दोन जागांच्या तीन जागा.

सुरेखानं पाना उचलला. खाली गेली. बाजूच्या बोल्टला पाना लावला, अर्धा आटा सैल केला आणि मला हाक मारली. "अक्का, या. कान लावा."

मी वाकले. फुस्स.

पूर्ण एक श्वासभर हवा बाहेर आली. मग डबा गप्प झाला.

मी गाडीखालून बाहेर आले आणि स्टुलावर बसले. गिअरबॉक्समधून असा आवाज येता कामा नये. गाडी चालली की आतलं तेल तापतं आणि आतली हवा फुगते. ती बाहेर जायला डब्याच्या माथ्यावर नखाएवढं नाक ठेवलेलं असतं. त्याला ब्रीदर म्हणतात. नाक बंद झालं तर फुगलेली हवा जाणार कुठे? ती तेलाला घेऊन सीलच्या कडेनं बाहेर पडते. मागचं सील घट्ट केलं तर पुढच्यानं, पुढचं घट्ट केलं तर गिअरच्या दांड्याशी. आणि थंड गाडीत असं काही होत नाही, म्हणून कोरमंगलाच्या फेरीत पुठ्ठा कोरडा राहतो. बिचारी सीलं! तीन निरपराध सीलांना मी बडतर्फ केलं होतं.

"ब्रीदर तुंबलाय," मी म्हणाले. "चिखल गेला असणार."

"चिखल कसा जाईल? त्यावर टोपी हाय की," सुरेखा म्हणाली. "पावसाळी सर्व्हिसला मीच घातली. तुमच्या बोर्डावर लिहिलंय तशी. सात नंबर."

आता मला माझ्या तरुणपणाबद्दल बोलावंच लागेल.

चौतीस वर्षांची नागरत्ना ही एक अद्भुत बाई होती. इंजिनिअरिंगची पदवी, निळा बॉयलर सूट, खिशात दोन पेनं, आणि जगातला प्रत्येक प्रश्न आपलीच वाट पाहत थांबला आहे असा चेहरा. एकदा कूर्गच्या एका कॉफीमळेवाल्याची जीप आली. गिअरबॉक्सच्या तेलात पाणी शिरून त्याचा रंग दुधाळ कॉफीसारखा झाला होता. ओढ्यातून जाताना पाणी ब्रीदरमधून आत शिरलं, हे बाईंनी अर्ध्या तासात ओळखलं. इथवर शाबास. मग बाईंनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, दुमडून ब्रीदरवर टोपीसारखा चढवला आणि तांब्याच्या तारेनं घट्ट आवळला. चोर खिडकीतून आला म्हणून खिडकी विटांनी बुजवली. चुलीचा धूर आता कुठून जाणार, हे विचारायला बाईंना वेळ नव्हता. बाई पेंटचा डबा आणायला गेल्या होत्या. भिंतीवर वर्कशॉपचे नियम लिहिलेला बोर्ड होता. त्यावर सातवा नियम चढला, कन्नड आणि इंग्लिशमध्ये: पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जीपच्या ब्रीदरवर रबरी टोपी, तारेने पक्की. शिवाय टोपीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्या फोटोत मी अशी हसते आहे की जणू चाकाचा शोध मीच लावला.

पण गंमत अशी की त्या टोपीनं काम केलं! पस्तीस वर्षं आमच्याकडून टोपी घालून गेलेली एकही जीप गळली नाही. पाणीही शिरलं नाही. बाहेरचे मेकॅनिक विचारायला यायचे. 'अक्काची टोपी' म्हणायचे. त्यांच्याकडे गाड्या गळायच्या, आमच्याकडे नाही. मी त्यांना सांगायची, रबर चांगलं वापरा.

"टोपीमुळे असू शकत नाही," मी सुरेखाला म्हणाले. "पस्तीस वर्षं..."

"मग बशीरअण्णांना इचारूया," सुरेखा म्हणाली, आणि माझ्या मोठेपणाचा निकाल लागायच्या आधीच तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

बशीर माझ्याशी दखनीत बोलतो, मी त्याच्याशी मराठीत. चाळीस वर्षांत कुणाचं काही अडलेलं नाही. मी सगळं सांगितलं. तीन वेळा गळती, गरम झाल्यावर गळती, फुस्स. तो ऐकत होता. मागे त्याच्या लेकीच्या घरात कुकरची शिट्टी वाजली. योगायोग, पण मला तो आवडला नाही.

"अक्का," तो म्हणाला. "टोपी कू छेद मारे क्या?"

"कसला छेद?"

बशीर खाकरला.

"बशीर, कसला छेद?"

"बारीक वाला. दाभण से."

"टोपीला भोक पाडायचं? बोर्डावर कुठे लिहिलंय भोक?"

"बोर्ड पो नई है अक्का," तो हळूच म्हणाला. "मेरे हात में है."

मग एकेक करून बाहेर आलं. टोपीचा नियम निघाल्यावर पहिल्याच महिन्यात एक जीप परत आली होती, मागून गळत. मी त्या दिवशी जे.सी. रोडला पार्ट आणायला गेले होते. बशीरनं टोपी काढून पाहिली, हवा फुस्सकन निघाली. त्यानं पोती शिवायचं दाभण घेतलं आणि टोपीच्या दुमडीत, तारेच्या आडोशाला, दिसणार नाही असं बारीक भोक पाडलं. हवा बाहेर जाऊ लागली. पाणी त्यातून सहज येईना. गाडी गळायची थांबली. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक टोपीला त्यानं भोक पाडलं. पस्तीस वर्षं. शेकडो टोप्या.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमे नवा नवा बोर्ड लिखे थे ना. पेंट बी सूका नई था."

"पेंट वाळल्यावर सांगायचं!"

"तब तक फोटो निकाले थे तुमे."

सुरेखानं तोंडात ओढणीचा बोळा घातला. तिचे खांदे हलत होते. मला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग, का कोण जाणे, डोळे भरून आले. मला नव्हतं माहीत की एक माणूस माझ्यामागून पस्तीस वर्षं दाभण घेऊन चालतो आहे.

"सुरेखा कू बोलना भूल गया अक्का," तो म्हणाला. "हात कू मालूम था, मुँह कू नई. मेरी गलती."

"तुझी गलती?" मी म्हणाले. "बशीर, गप्प बस. डोळ्यात थेंब घाल आणि झोप."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "आण दाभण."

सुरेखा हलली नाही. "अक्का, भोक पाडलं तर गळायचं थांबंल. पर गाडी तापून थंड ओढ्यात उतरली की आतली हवा आकसती. मग त्याच भोकातनं थोडं थोडं पानी ओढलं जानार. अण्णांचं भोक बारीक, म्हनून भागलं आजवर. पर आज भागल, उद्या न्हाई."

"मग काय करूया?"

"पान्यात उतरलेली म्हैस बघा. नाकाला टोपी घालती का? नाक वर ठेवती."

खरं सांगते, अशा वेळी माणसाला दोन रस्ते असतात. एकावर चौतीस वर्षांची नागरत्ना बॉयलर सूट घालून उभी होती आणि म्हणत होती, म्हशीवरून गिअरबॉक्स शिकायचा का आता? मी तिला बाजूला सारलं. तिला बाजूला सारायला पस्तीस वर्षं लागली, पण एकदाचं जमलं.

टोपी काढली. ब्रीदर धुतला, त्याला तेल आणि उष्णता सोसणारी रबरी नळी जोडली. ती गाडीच्या अंगावरून, एक्झॉस्टपासून दूर ठेवत, बॉनेटखाली सगळ्यात उंच जागी नेऊन क्लिपनं बसवली. टोक खाली वळवून त्यावर छोटी जाळी. आता ओढ्याचं पाणी दारापर्यंत आलं तरी जीपचं नाक कोरडं. दोन तासांचं काम. हल्ली नव्या गाड्यांना कंपनीच अशी सोय देते, हे मला माहीत होतं. पण आपल्याकडे टोपी असताना नळी कशाला, असं मी मानत आले होते. दुपारी पुन्हा पन्नास किलोमीटर. या वेळी ट्रॅफिकमध्ये, शिव्या देत. पुठ्ठा कोरडा. बोल्ट सैल केला, आवाज नाही. सुरेखानं पुन्हा कान लावला, मी पुन्हा कान लावला. आम्ही दोघी त्या डब्याची शांतता ऐकत बसलो होतो. पीजीतल्या एका मुलीनं आमचा फोटो काढला. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

गुरुवारी प्रभाकर आले. स्वच्छ शर्ट, हातात टॅब्लेट. वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही वर कुणीतरी साहेब बसलेला असणार. डॉक्टर चंद्रिका गाडी चालवायला बसल्या, ते शेजारी. मी आणि सुरेखा वर्कशॉपमध्ये थांबलो. दोन तासांहून जास्त वेळ गेला. मी तीन वेळा देवाचं नाव घेतलं आणि एकदा म्हशीचं.

गाडी आली. पांढरा कागद घातला. तास सुरू झाला.

 प्रभाकर खुर्चीवर बसून टॅब्लेटवर काहीतरी भरत होते. डॉक्टर गाडीच्या पुढे उभ्या होत्या, हाताची घडी घालून, कागदाकडे न बघता. अर्ध्या तासानं प्रभाकर वाकले. पाऊण तासानं पुन्हा वाकले. तास झाला तेव्हा त्यांनी स्वतः कागद ओढून उजेडात धरला. पुढून पाहिला, उलटून पाहिला. कागद जसा दुकानातून आणला तसाच होता.

"ओके," ते म्हणाले. "पण रिपोर्टमध्ये रूट कॉज लिहावं लागेल. तीन वेळा का गळली? डॉक्टर म्हणत होत्या की तुमच्याकडे नवीन लेडी मेकॅनिक आहे."

डॉक्टर चटकन म्हणाल्या, "मी त्या अर्थानं नाही म्हटलं."

सुरेखा पाने पुसत होती. तिचा हात थांबला.

"लिहा," मी म्हणाले. "वर्कशॉपच्या लेखी नियमात चूक होती. नवीन मेकॅनिकनं नियम जसाच्या तसा पाळला, म्हणून गाडी गळली. चूक शोधली तीही तिनंच, आणि दुरुस्तीही तिचीच आहे."

"नियम कुणी लिहिला होता?"

"मी."

"केव्हा?"

"तुम्ही शाळेत जायच्या आधी."

प्रभाकरांनी एकदा माझ्याकडे, एकदा टॅब्लेटकडे पाहिलं. "इथे ड्रॉपडाउनमध्ये तसा ऑप्शन नाही, मॅडम. 'हलका पार्ट' आहे, 'चुकीचं फिटिंग' आहे, 'ड्रायव्हरची चूक' आहे."

"मग 'इतर' असेल."

"आहे."

"ते मीच."

त्यांनी 'इतर' वर बोट ठेवलं आणि फेरी चालू राहील असं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर चंद्रिकांनी हाताची घडी सोडली. मग सुरेखाजवळ जाऊन, तिच्या ग्रीसच्या हातांची पर्वा न करता, दोन्ही हात हातात घेतले. शनिवारी त्या दोन्ही ओढे ओलांडून गेल्या. रविवारी फोनवर फोटो आला. एक ओलं वासरू, चार पायांवर उभं राहायचा प्रयत्न करतंय. खाली लिहिलं होतं, 'वेळेवर पोचले.'

पुढच्या आठवड्यात मी आणि सुरेखा बसनं कोलारला गेलो. बशीर काळा चष्मा घालून अंगणात खुर्चीवर बसला होता, एखाद्या निवृत्त हिरोसारखा. मी त्याच्यासमोर बसले. घरून निघताना भाषण तयार केलं होतं, ते आठवेना.

"बशीर, थँक्स," मी म्हणाले.

"काय कू अक्का?"

"टोप्यांसाठी."

तो लाजला. मग मी विचारलं, "खरं सांग. त्या बोर्डावर माझे अकरा नियम आहेत. आणखी किती नियमांना तू मागून भोक पाडलंयस?"

त्यानं बोटांवर हिशेब केला. "आठ एकदम बराबर हैं अक्का," तो म्हणाला.

सुरेखानं पिशवीतून वही काढली. त्या दुपारी तो बोलत गेला आणि ती लिहीत गेली. बोर्डावरचे नव्हे, हातातले नियम. वही भरायला चार फेऱ्या लागल्या. तीन चुकीचे नियम कुठले, तेही त्यात आहे. मी अजून ते पान उघडलेलं नाही. गुडघा बदलून घेतला तेव्हाही मी डॉक्टरांना सांगितलं होतं, जुना दाखवू नका.

नव्या इंजिनिअर मुली कधी वर्कशॉप बघायला येतात तेव्हा विचारतात, इतक्या वर्षांत काय शिकलात? मी सांगते, आपली एखादी युक्ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली तर लगेच फोटो काढू नये. आधी चौकशी करावी, ती चालवतंय कोण. आणि तो माणूस सापडला की त्याला चहा द्यावा, पगार वाढवावा आणि त्याच्या डोळ्यांची नीट काळजी घ्यावी.